ग्रंथालयाच्या तालिकेतील नोंद कशी वाचावी

ग्रंथालयाच्या संगणकावरील तालिकेत, म्हणजे संग्रहातील पुस्तकांच्या सूचीत, 'गोविंदाग्रज' हे नाव देऊन शोध घेतला आणि 'एकच प्याला' आढळले नाही, तर ते पुस्तक संग्रहात नाही असे मानण्याची घाई करू नये. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने केले. तालिकाकाराने यांपैकी एक नाव प्रमाण ठरवून इतर नावांखाली 'पहा' अशी सूचना दिलेली असेल, तर वाचक कोणत्याही नावाने योग्य नोंदीपर्यंत पोहोचतो. ते काम राहून गेले असेल, आणि लहान ग्रंथालयांत ते पुष्कळदा राहते, तर तिन्ही नावे वाचकालाच तपासावी लागतात.

नोंदीत ग्रंथकार, शीर्षक, प्रकाशन आणि विषय यांचे रकाने स्वतंत्र असतात, व शोध निवडलेल्या रकान्यापुरताच चालतो. ग्रंथकाराचे नाव बहुधा आडनावापासून, म्हणजे 'गडकरी, राम गणेश' असे असते. ज्ञानेश्वर, तुकाराम यांच्यासारखे संत मात्र स्वतःच्या नावाखाली सापडतात. शीर्षक मुखपृष्ठावरून नव्हे, तर आतल्या शीर्षकपृष्ठावरून जसेच्या तसे उतरवून घेतात. त्यामुळे 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत 'काही' हा शब्द 'कांहीं' असा असू शकतो. पूर्ण शीर्षक टंकण्यापेक्षा त्यातील एखादाच, अनुस्वार किंवा ऱ्हस्व-दीर्घ यांचा घोळ नसलेला शब्द देणे अधिक फलदायी ठरते.

नोंदीतील सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत उपयोगी भाग म्हणजे वर्गांक, अर्थात पुस्तकाचा विषय किंवा प्रकार दाखवणारा अंक. 1876 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ड्यूई दशांश या वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्याचा अंक 891.46 आहे, त्यापुढे 1 आला की कविता, 2 आला की नाटक, 3 आला की कथा-कादंबरी. म्हणून गडकऱ्यांची नाटके 891.462 मध्ये आणि 'वाग्वैजयंती' हा काव्यसंग्रह 891.461 मध्ये जातो, म्हणजे एकाच लेखकाची पुस्तके वेगवेगळ्या फळ्यांवर विखुरतात. ती एकत्र पाहण्याची सोय फळीवर नाही, तालिकेतच आहे: एक नोंद उघडून तिच्यातील ग्रंथकाराच्या नावावर टिचकी मारली, की त्या नावाखालील सर्व नोंदी समोर येतात. विषयाच्या रकान्याचेही तसेच.

वर्गांकाखालील अक्षरे किंवा अंक हा ग्रंथांक होय. दोन्ही मिळून बोधांक होतो आणि तोच पुस्तकाच्या पाठीवरील चिठ्ठीवर असतो. दाखल क्रमांक, म्हणजे प्रत ग्रंथालयात दाखल करताना तिला दिलेला क्रमांक, निराळा. तो प्रत्येक प्रतीला स्वतंत्र असल्याने एकाच आवृत्तीच्या तीन प्रती असतील तर दाखल क्रमांक तीन, पण बोधांक साधारणपणे एकच. पुस्तक शोधायला जाताना बोधांक पूर्ण उतरवून घ्यावा, कारण केवळ 891.462 एवढ्यावर मराठी नाटकांचे अख्खे कपाट धुंडाळावे लागेल. आणि नोंदीच्या तळाशी प्रतीसमोर 'संदर्भ' असे लिहिले असेल, तर ती प्रत ग्रंथालयातच बसून वाचावी लागेल.