व्हिडिओ कॅमेरा घेण्याआधी अंतर मोजा

घरासाठी व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा ठरला की सगळे आधी ‘फोर-के की फुल एचडी?’ हेच विचारतात. खरं तर हा प्रश्न सर्वांत शेवटचा. त्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: शूटिंग करताना तुम्ही कुठे उभे असाल आणि तिथे उजेड किती असेल. कॅमेरा या दोन गोष्टींवरूनच ठरतो.

अंतराचा हिशेब सोपा आहे. माहितीपत्रकात ३५ मिमी फिल्मच्या मापात दिलेली फोकल लेंथ, म्हणजे लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दाखवते त्याचा आकडा, शोधा. अंतराला ३६ ने गुणून त्या आकड्याने भागलं की चौकटीत साधारण किती रुंदी मावेल ते कळतं. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलं तरी समोरच्या माणसांपर्यंत आठेक फूटच उरतात. २७ मिमीच्या लेन्समध्ये तेवढ्यात साडेदहा फूट मावतात, ३५ मिमीमध्ये जेमतेम आठ. म्हणजे बारशाला पाळण्याच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या आत्या-मावश्या चौकटीबाहेर. काही कॅमेरे फोर-केमध्ये किंवा जादा स्थिरीकरण (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) चालू केल्यावर चित्राच्या कडा कापतात, त्यामुळे रुंदी आणखी घटते. हे दुकानातच तपासा.

आता गॅदरिंग घ्या. शिवाजी मंदिर किंवा दीनानाथसारख्या नाट्यगृहात मधल्या रांगेतून रंगमंच ६० फुटांवर आहे असं धरा. मूल डोक्यापासून पायापर्यंत नीट दिसायला साधारण २०० मिमी लागतात, कमरेपासून वर हवं असेल तर ४००. २७ मिमीपासून सुरू होणाऱ्या कॅमेऱ्यात ४०० म्हणजे १५ पट ऑप्टिकल झूम, म्हणजे खुद्द लेन्सने जवळ आणणं. २० पट असला की काम झालं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला शेकड्यांतला आकडा डिजिटल झूमचा असतो. तो आधीच टिपलेलं चित्र फक्त ताणतो, त्याकडे पाहूच नका.

उजेडाचं गणित सेन्सरवर (प्रकाश टिपणारी चिप) आणि लेन्सच्या तोंडावर चालतं. स्वस्त हँडीकॅममध्ये सेन्सर १/५.८ इंच मापाचा असतो, म्हणजे आजच्या चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षा बराच लहान. अंधाऱ्या हॉलमध्ये त्यावर दाणे उठतात. १/२.५ इंच बरा, एक इंच उत्तम, पण एक इंचाला लांब झूम जोडला की कॅमेरा जड आणि महाग होतो. लेन्सवर एफ १.८-४ असं लिहिलेलं असेल (हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी) तर दुसरा आकडा महत्त्वाचा: पूर्ण झूमवर उजेड जवळपास पाचव्या हिश्श्यावर येतो. डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ मध्ये एक इंचाचा सेन्सर आणि गिंबल (हात हलला तरी कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची दांडी) आहे, घरात मुलांच्या मागे धावायला तो छान, पण त्यात ऑप्टिकल झूम नाही. गॅदरिंगसाठी तो घेऊ नये. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही कामं हवी असतील तर झूमवाला हँडीकॅम घ्या आणि घरात दिवे जास्त लावा.

फोटोचा कॅमेरा व्हिडिओसाठी घेत असाल तर सलग रेकॉर्डिंगची मर्यादा विचारा. अनेक जुनी मॉडेल्स २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप थांबतात, काही फोर-केमध्ये त्याआधीच तापून बंद पडतात. मुंजीत नेमकं मातृभोजन राहून जातं.

आवाजासाठी ३.५ मिमीचं माइकचं छिद्र आणि हाताने आवाजपातळी ठरवायची सोय, दोन्ही हवं. आरतीत झांजा वाजल्या की ऑटो पातळी दर ठेक्याला खाली दबते आणि मधले शब्द बुडतात. पातळी हाताने अशी लावा की सर्वांत जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील.

कार्ड व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं घ्या. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) फोर-केला ६४ जीबीत सुमारे ८५ मिनिटं मावतात, २८ एमबीपीएसच्या फुल एचडीला पाच तास. बनावट कार्डं खूप फिरतात, म्हणून नवं कार्ड एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासल्याशिवाय समारंभाला नेऊ नका.

खरेदीला फोर्टात बोरा बझारला जात असाल तर स्वतःचं कार्ड आणि इअरफोन घेऊन जा. दुकानातल्या लखलखाटात प्रत्येक कॅमेरा चांगलाच दिसतो, त्यामुळे काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखून एक मिनिट शूट करा. पूर्ण झूमवर हातात धरून रस्त्यापलीकडची पाटी टिपा, दहा पावलं चालत टिपा, शांततेत झूम करून मोटरची घरघर माइकमध्ये येते का ते ऐका. मग हे सगळं घरच्या टीव्हीवर पाहा आणि दुसऱ्या दिवशी पैसे द्या. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याचं सेटिंग बहुधा ६० हर्ट्झवर आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेनूत ‘पाल’ (पीएएल) म्हणजे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याबाहेरून आलेला, माल स्वस्त पडतो, पण कधी मेनू फक्त जपानीत असतो आणि भारतातली वॉरंटी मिळत नाही. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरीयल नंबर हवाच.

सेकंडहँड घेताना लेन्समध्ये मोबाइलची टॉर्च मारून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. तसा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा.

नव्या कॅमेऱ्यालाही मुंबईच्या पावसाळ्यात ही बुरशी धरते. चामड्याच्या बॅगेत घालून कपाटात कपड्यांमागे ठेवणं म्हणजे तिला आमंत्रणच. रबरी कड असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, ६० कडे सरकला की जेल वाळवा किंवा बदला. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका. एसीच्या खोलीतून बाहेर नेताना कॅमेरा बंद बॅगेत अर्धा तास राहू द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं आणि पुसलं तरी पुन्हा येतं.