लेकराला पाण्यावर उताणं तरंगायला कसं शिकवावं

विहिरीत ढकललं की पोरगं आपोआप शिकतं, हा सल्ला गावोगाव फुकट मिळतो. पोरगं शिकतं ते पाण्याला भ्यायला. तरंगायला म्हणून पाठीला रिकामा डबा बांधणंही फसवंच. गाठ सैल होऊन डबा कमरेकडे सरकला की डोकं पाण्यात जातं. शिवाय डब्याच्या जोरावर धीट झालेलं लेकरू उद्या डब्याविना उडी घेतं. हातपाय मारणं पुढं बघू, आधी तरंगणं.

शेतातलं सिमेंटचं टाकं घ्या. पाणी लेकराच्या छातीपर्यंत, त्याहून जास्त नको. शेवाळ घासून काढा आणि मोटार मेन स्विचवरून बंद करा. चारनंतर पाणी कोमट असतं. ओठ निळे दिसले की लगेच बाहेर काढा.

काठावर बसून पाय आपटणं दोन दिवसांत जमतं. मग तोंड पाण्यात घालायचं. श्वास रोखायला सांगू नका, तोंड मिटून 'हूंऽऽ' करायला सांगा. हुंकार चालू असला की हवा नाकातून बाहेर येत राहते, म्हणून पाणी नाकात चढत नाही.

खरी अडचण उताणं निजण्यात आहे, आणि तिथं लेकरू बिथरतं ते कानांमुळे. कान बुडाले की तुमचा आवाज पार दबतो, ते घाबरून मान उचलतं. मान उचलली की कंबर खाली जाते आणि नाकातोंडात पाणी शिरतं. मग 'भित्रं आहे' म्हणून मोठी माणसं हसतात. भित्रं नाही ते, त्याला कोणी आधी सांगितलेलं नसतं. आठवडाभर घरी आंघोळीत लोट्यानं कानांवर पाणी ओता. आवाज बंद होईल हे सांगून ठेवा आणि खूण ठरवा: खांद्यावर दोन टिचक्या म्हणजे 'मी इथंच आहे'.

टाक्यात बाजूला नाही, डोक्याकडे गुडघे टेकून बसा. बाजूला बसलात की लेकरू तुमच्याकडे बघायला मान उचलतं. डोक्यामागे बसलात की तुमचा उलटा चेहरा बघायला हनुवटी आपोआप वर जाते. एक तळवा डोक्याखाली, दुसरा खांद्यांच्या मधोमध. कमरेखाली हात देऊ नका, शरीर मध्येच दुमडतं. लेकराचे हात डोक्याच्या वर पसरवा, छाती भरून श्वास घ्यायला लावा. पाय खाली गेले तर जाऊ द्या, तोंड वर आहे ना? सडपातळ लेकरांचे पाय बुडतातच. त्यांना ओरडून सरळ करायला लावणाऱ्यांना काय म्हणावं!

हात काढायचा तर सांगून काढा. आधी पाठीखालचा, मग डोक्याखाली दोनच बोटं, मग पाच मोजेपर्यंत काहीच नाही. एकदा न सांगता काढलात तर महिन्याची मेहनत गेली. दहा मोजेपर्यंत जमलं की पालथ्याचं उताणं व्हायला शिकवा. चुकून पडलेलं लेकरू बहुधा पालथंच असतं.

मात्र तरंगता आलं म्हणून शेततळ्याकडे मोकळं सोडू नका. तिथलं प्लास्टिक ओलं झालं की मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. चारही कोपऱ्यांना गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडा, वरचं टोक खुंट्याला बांधा. कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी नको, दोर किंवा झाकण लावलेला रिकामा डबा फेका. पाच वर्षांखालच्या लेकरासाठी दोरही पुरत नाही. पाण्याजवळ ते कायम तुमच्या हाताच्या अंतरावर हवं, पोळ्याला बैल धुवायला गेलात तरी.