झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवताय? या चुका टाळा

झेनचं ९९३ सीसीचं इंजिन आणि एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं, मारुती-सुझुकीच्या जी मालिकेतलं. एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाल्या) एस्टीमचं इंजिन ८५ बीएचपी देतं, कार्ब्युरेटरवाल्या झेनचं जेमतेम ५०. गाडी एवढी हलकी की फरक पहिल्याच सिग्नलला जाणवतो. इंजिन बसतंही पटकन. गाडी महिनोन्महिने गॅरेजमध्ये अडकते ती त्याच्या भोवतालच्या सामानामुळे आणि कागदांमुळे.

आधी आरटीओ, मग पाना

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. खराब इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचं इंजिन घालणं वेगळं आणि १००० च्या गाडीत १३०० घालणं वेगळं. कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, जिथे गाडीची नोंद असेल तिथे लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. परवानगी मिळाली नाही तर ही गाडी फक्त रेसच्या ट्रॅकची, तीही टोइंगवर न्यायची. अपघातानंतर सर्व्हेयर इंजिन नंबर बघतो. तो पॉलिसीशी जुळला नाही की क्लेम अडकतो, आणि समोरच्याच्या नुकसानभरपाईचा बोजाही तुमच्यावर येऊ शकतो.

नुसतं इंजिन उचलून आणणं

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाताना यादी हातात असू द्या: ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), संपूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, थ्रॉटल बॉडी, टाकीतला पंप, गिअरबॉक्स, दोन्ही एक्सल, अल्टरनेटर आणि त्याचे ब्रॅकेट. सगळं एकाच गाडीतलं हवं. घाईत कनेक्टर कापून दिलेलं वायरिंग घेऊ नका, एकेक वायर शोधण्यात आठवडा जातो. ईसीएमला इमोबिलायझर (ठरलेल्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं कुलूप) असेल तर त्याची चावीही लागेल. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. इंजिनावरचा नंबर घासलेला दिसला तर सौदा तिथेच सोडा.

कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, चारही सिलेंडरचं मोजा. कोणत्याही दोघांमध्ये चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर ते इंजिन नको. इंजिन खाली असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि क्लच सेट नवा टाका. हे सीलच पुढे गळलं तर केवळ त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

अर्थिंगची पट्टी विसरणं

ही चूक सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त छळणारी. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. इंजिन-बॉडी पट्टी राहिली की स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने, म्हणजे क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जातो. स्टार्टर सुस्त फिरतो, केबलचं आवरण हाताला गरम लागतं, काही दिवसांनी ती आतून वितळून अडकते. मेकॅनिक तोवर केबल बदलत बसतो. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर धरून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या वर रीडिंग आलं तर पट्टी बदला, टोकांखालचा रंग खरवडून घट्ट आवळा.

पेट्रोलची लाइन

कार्ब्युरेटरच्या गाडीतली रबरी नळी एमपीएफआयला चालत नाही. तिथलं प्रेशर अर्ध्या बारच्याही आत, इथे अडीच-तीन बार. फ्युएल इंजेक्शनसाठीचीच नळी आणि क्लिप वापरा, रिटर्न लाइन जागेवर ठेवा. सेल्फ मारण्याआधी पंप चालवून प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसून बघा. डाग दिसला की गळती आहेच, आणि गरम मॅनिफोल्डजवळची गळती म्हणजे आग.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

‘मुंबईत कशाला लागतो वाल्व’ म्हणून तो काढतात. मग हायवेवर इंजिन पुरेसं तापत नाही, ईसीएमला ते थंडच वाटतं, पेट्रोल जास्त जातं आणि मायलेज कोसळतं. ट्रॅफिकमध्ये गाडी तापते त्याची कारणं वेगळी: झेनचाच जुना रेडिएटर, रिलेशिवाय जोडलेला फॅन, सिस्टिममध्ये अडकलेली हवा. एस्टीमचा रेडिएटर बसवा, कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरा, नाक वर करून हवा काढा. एलबीएस रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत तापमानाचा काटा स्थिर राहिला, तरच काम झालं समजा.

एक्सल जोडण्याआधी स्प्लाइनचे, म्हणजे त्याच्या टोकावरच्या खाचांचे, दात मोजा आणि जुना-नवा शेजारी ठेवून लांबी बघा. एक्सल आखूड पडला तर खड्ड्यात आतला जॉइंट निसटतो, लांब पडला तर गिअरबॉक्सचं सील फाडतो.

ब्रेकवर मात्र काटकसर नको. एस्टीमची पुढची डिस्क, कॅलिपर, बूस्टर आणि मास्टर सिलेंडर एकत्रच बसवा, नवं ब्रेक ऑइल भरा आणि १४५ चे अरुंद टायर काढा. पहिल्या २०० किलोमीटरनंतर गाडी रॅम्पवर घ्या: फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा आवळा, एक्सलचे रबरी बूट तपासा आणि पेट्रोलच्या जोडांवरून तो कोरा कागद आणखी एकदा फिरवा.