केमो चालू असताना "काही करू वाटंना" म्हणणाऱ्या माणसाला कसं सांभाळायचं

मावशीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला तेव्हा घरात सगळ्यांनी एकच औषध चालू केलं, "हिंमत धर". सकाळी मामा, दुपारी शेजारच्या काकू, रात्री फोनवर तिची पुण्याची जाऊ. आणि मावशी भिंतीकडं तोंड करून, डोक्यावरून चादर घेऊन पडलेली, ते पण सोलापूरच्या मे महिन्यात. खाऊ वाटंना, बोलू वाटंना, कुणी आलेलं बघू वाटंना. आम्ही म्हटलं खचली. ते अर्धंच खरं होतं, उरलेलं अर्धं कळेपर्यंत तीन केमो होऊन गेल्या, तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, फाईल घेऊन मागं हिंडणारा भाचा आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. जोराचा ताप येतो तेव्हा आपल्याला काय होतं? भूक जाते, अंग ओढतं, लाईट नको वाटते, माणूस नको वाटतो. ते ताप करत नाही एकटा, शरीरातल्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात (आयएल-६, टीएनएफ वगैरे) आणि ती रक्तातून आणि नर्व्हमधून मेंदूला निरोप देतात की गप पड. यालाच इन्फ्लमेशन म्हणतात, आपल्या भाषेत आतली सूज, दाह. कॅन्सरच्या माणसात हा निरोप गाठीमुळं जातो, ऑपरेशनमुळं जातो, केमो-रेडिएशनमुळंही जातो, आणि महिनोन्‌महिने जात राहतो. मन बरं ठेवायला लागणारं मेंदूतलं रसायन सेरोटोनिन, ते खाण्यातून मिळणाऱ्या ज्या ट्रिप्टोफॅनपासून बनतं ते पण या दाहात दुसरीकडंच वळतं. पूर्वी काविळीच्या हिपॅटायटिस सी ला इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, ते पण सायटोकाइनच, आणि चांगली हसतीखेळती माणसं त्यावर उदास व्हायची. म्हणजे मावशी पडून होती यात तिच्या हिंमतीचा प्रश्न निम्माच होता.

आता उलट्या बाजूनं. टेन्शन, भीती, पैशाची काळजी, रात्र रात्र झोप नाही, यानं कॉर्टिसोल नावाच्या टेन्शनच्या हार्मोनचं रोजचं गणित बिघडतं. कॉर्टिसोलचं एक काम दाह आवरण्याचं असतं, पण सारखंच टेन्शन राहिलं की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. दाह वाढला की झोप उडते, झोप उडाली की दाह वाढतो, घाण्याचा बैल. पण यावरून कुणी "तू टेन्शन घेतलंस म्हणूनच कॅन्सर झाला" असं म्हणत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, तसं काही सिद्ध झालेलं नाही आणि आजारी माणसाला त्या वाक्याचा किती त्रास होतो ते मी बघितलंय.

मग करायचं काय. आम्ही कालनिर्णय वापरलं. भिंतीवरचं, चौकोन मोठे असतात. रोज रात्री मावशीला विचारायचं, आज त्रास किती, ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन होईना. ही आमची आयडिया नाही, कॅन्सरच्या डॉक्टरांकडं थर्मामीटरसारखं चित्र असतं ते हेच, त्यात गेल्या आठवड्याबद्दल विचारतात आणि ४ किंवा जास्त आलं की नीट चौकशी करावी असं धरतात. आकड्याच्या खाली झोप किती तास, खाल्लं का, ताप किती, आणि केमोपासून कितवा दिवस. कितवा दिवस ते सगळ्यात महत्त्वाचं, विसरू नका.

कारण तिसऱ्या केमोनंतर ते पान बघितलं तर सरळ दिसलं. केमोच्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत मावशी टक्क जागी, रात्री दोनला उठून डबे लावतीय, बडबड, चिडचिड. चौथ्या दिवशी धपकन खाली, आकडा ३ वरून ८. उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोनच्या गोळ्या दिलेल्या, ते स्टिरॉइड, चालू असताना झोप उडवतं आणि संपलं की माणूस आपटतो. आम्ही डॉक्टरांना पान दाखवलं, त्यांनी संध्याकाळचा डोस सकाळी नाश्त्यानंतर करून दिला, आणि चौथ्या दिवशी पाहुणे बोलवायचे नाहीत हे आम्ही ठरवलं. गोळी स्वतःच्या मनानं मात्र बंद करायची नाही, त्यात वेगळे धोके आहेत.

डॉक्टरांकडं वेळ कमी असतो हे सगळ्यांना माहितीय, बार्शी असो, इथलं असो की मुंबईचं टाटा. म्हणून "उदास आहे हो" असं सांगू नका, त्यावर "होणारच" असं उत्तर येतं. असं सांगा, "दोन आठवडे झाले, रोज ७-८ सांगते, नातू आला तरी तोंड वर केलं नाही, शेंगाचटणी कुटताना तिखट किती टाकलं ते पण विचारलं नाही." हे शेवटचं आमच्यासाठी मोठं होतं, कारण बाई त्यावरून भांडायची. थकवा, भूक, झोप हे केमोनं पण बिघडतं, पण आवडीच्या गोष्टीत मन न लागणं, "मी सगळ्यांना ओझं झाले" म्हणणं, हे डिप्रेशनकडं बोट दाखवतं. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, सोडियम-कॅल्शियम आणि दुखणं याचं विचारा, कधी कधी निम्मा थकवा तिथंच सापडतो. टेन्शन मोजायला म्हणून सीआरपी (दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) करायच्या नादी लागू नका, इन्फेक्शन झालं तरी तो वाढतोच, त्यावरून मन कळत नाही.

मनाच्या गोळ्या दिल्या तर घाबरू नका, पण एक सांगायचंच. टॅमॉक्सिफेन (ब्रेस्ट कॅन्सरची हार्मोनवरची गोळी) चालू असेल तर मनाच्या डॉक्टरांना ते आधी सांगा. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात, दुसऱ्या चालणाऱ्या असतात, ते निवडून देतात.

चालणं. हे ऐकून मावशी चिडली होती, "उभं राहवंना आणि चाला म्हणतोय". तरी थकवा आणि उदासी दोन्हीवर चालण्याचा उपयोग चांगला दिसलेला आहे, हळूहळू आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास इथपर्यंत न्यायचं. आम्ही गॅलरीत पाच मिनिटांपासून सुरू केलं. मग सकाळी सहाला कंबर तलाव, ऊन चढायच्या आत घरी. हाडात कॅन्सर गेला असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर आधी विचारून. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तेव्हा गर्दी नको, गड्ड्याच्या जत्रेला पुढच्या वर्षी जाता येतं.

झोपेला दुपारी फक्त अर्धा तास, उठायची वेळ रोज एकच. लोळत राहिलं की रात्र अजून वाईट जाते.

दाह कमी करणारी पावडर, काढा, हळदीच्या कॅप्सूल कुणीतरी आणून देईलच. भाजीतली हळद खा बिनधास्त, पण कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही. सूज उतरायची म्हणून आयबुप्रोफेन पण घरच्या घरी नको, ताप झाकला जातो. आणि केमोत ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी हॉस्पिटलला फोन.

"मी नसलेलीच बरी" असं बोलणं कानावर आलं तर विषय बदलू नका, सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतोय का. विचारल्यानं डोक्यात भरत नाही. एकटं सोडायचं नाही, गोळ्यांचा डबा आपल्याकडं ठेवायचा, त्याच दिवशी सिव्हिलला किंवा जवळच्या मनाच्या डॉक्टरांकडं न्यायचं. रात्री-अपरात्री टेली मानसचा (सरकारची मनाच्या त्रासासाठीची फोन सेवा) १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं. आम्ही तो नंबर कालनिर्णयच्या पानावर वरच लाल पेननं लिहिला होता, आणि दर महिन्याला पान उलटलं की परत.