इंग्रजीत कामगाराला नेमकं काय म्हणायचं?

अनुभवाचा दाखला, बायोडेटा, व्हिसाचा अर्ज, संस्थेचा अहवाल अशा कागदांवर दुसऱ्याच्या कामाचं वर्णन इंग्रजीत करायची वेळ आली की बहुतेक जण ‘लेबर’ लिहून मोकळे होतात. पुढे ग्रॅच्युइटी किंवा नव्या नोकरीचा प्रश्न आला की त्या एका शब्दापाशी घोडं अडतं.

१. पगार कोण देतं ते आधी विचारा

कंपनी थेट पगार देत असेल तर ‘एम्प्लॉयी’. ठेकेदारामार्फत आलेला माणूस ‘कॉन्ट्रॅक्ट वर्कर’. नुसतं ‘कॉन्ट्रॅक्टर’ लिहिलंत तर तोच ठेकेदार होऊन बसतो! ॲपवरून डिलिव्हरी करणाऱ्यांना कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात, पण नफ्यात वाटा काही देत नाहीत. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग वर्कर’ आणि ‘प्लॅटफॉर्म वर्कर’ हे शब्द आहेत, तेच वापरा.

‘वर्कर’ आणि ‘एम्प्लॉयी’ कायद्यात एक नाहीत. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार मॅनेजर ‘एम्प्लॉयी’ असतो, ‘वर्कर’ नसतो. कायदेशीर पत्र असेल तर हा फरक पाळाच.

२. ट्रेड लिहा

‘ही वॉज वर्किंग ॲज अ लेबर इन अवर कंपनी.’ असले दाखले पैशाला पासरी मिळतील. लेबर म्हणजे श्रम; माणूस म्हणायचा तर ‘लेबरर’. पण व्याकरण सुधारूनही वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. समजा, तो माणूस सहा वर्षं लेथवर शाफ्ट टर्न करत होता. मग लिहा: ‘ही वर्क्ड ॲज अ टर्नर, मशीनिंग शाफ्ट्स ऑन अ सेंटर लेथ.’ फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर ही आयटीआयच्या ट्रेडची नावं कारखान्यांत सगळ्यांना कळतात. क्रियापदही नेमकं हवं: ‘रिपेअर्ड’, ‘असेंबल्ड’, ‘वेल्डेड’. ‘हँडल्ड’मधून काहीच हाती लागत नाही.

किमान वेतनाच्या अधिसूचनांत अनस्किल्ड, सेमी-स्किल्ड, स्किल्ड असे वर्ग असतात. वेल्डिंग करणाऱ्याला ‘हेल्पर’ लिहिलं की तो कागदावर खालच्या वर्गात जातो. हे कधी नजरचुकीने होतं, कधी मुद्दाम केलं जातं.

३. अधिकृत नाव असेल तर तेच ठेवा

अंगणवाडी सेविका म्हणजे ‘अंगणवाडी वर्कर’, मदतनीस म्हणजे ‘अंगणवाडी हेल्पर’. इथे हेल्पर हे पदाचंच नाव आहे. त्यांच्या मानधनाला ‘ऑनरेरियम’ म्हणतात, म्हणून काही जण सरळ ‘व्हॉलंटियर’ लिहितात. ते टाळा. त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे.

‘माथाडी’चं भाषांतर करत बसू नका. १९६९ च्या कायद्याच्या इंग्रजी नावातही ‘माथाडी’ तसाच आहे. ऊसतोडीतल्या मुकादमाला ‘लेबर कॉन्ट्रॅक्टर’ म्हटलं तर उचल (मजुरांना आगाऊ दिलेले पैसे), टोळी (त्याने जमवलेले मजूर) हे सगळं बाहेर राहतं. ‘मुकादम’ ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून द्या.

४. मान राखा, पण फुगवू नका

‘सर्व्हंट’ऐवजी ‘डोमेस्टिक वर्कर’. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या करारातही हाच शब्द आहे. ‘स्वीपर’ऐवजी ‘सॅनिटेशन वर्कर’. मात्र झाडूवाल्याला ‘हायजीन एक्झिक्युटिव्ह’ करून त्याचा पगार वाढत नाही.

‘स्टाफ्स’ आणि ‘मेनी वर्क्स’ खोडा. ‘स्टाफ मेंबर्स’ आणि ‘मेनी टास्क्स’ लिहा. ‘वर्क्स’ म्हणजे कारखाना किंवा पीडब्ल्यूडीची बांधकामं.

५. सही करण्याआधी

दाखल्यातला हुद्दा पगारपत्रकाशी आणि ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) नोंदीशी ताडून पाहा. जुळत नसेल तर दोन्ही लिहा: ‘डेझिग्नेटेड ॲज हेल्पर, परफॉर्म्ड आर्क वेल्डिंग.’ आणि तारखा पूर्ण घाला, नुसतं ‘सिन्स लाँग’ चालत नाही.