व्यायाम ठरवण्याआधी एक वही घ्या

गेल्या वर्षी जानेवारीत वर्षभराचे पैसे भरून जिममध्ये नाव घातलं. ध्येय होतं ७१ किलोवरून ६०. फेब्रुवारी सरता सरता जाणं बंद पडलं. आळस म्हणावा तर नववी-दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी मी रोज पहाटे सहाला घेते आणि अकरा वर्षांत ती उगाच एकदाही बुडवलेली नाही. मग साठ किलोसाठीच पाय का निघत नव्हता? पुष्कळ विचार केल्यावर लक्षात आलं की तो आकडा माझा नव्हताच. पुतण्याच्या लग्नातला फोटो बघून कोणीतरी काहीतरी बोललं, तिथून तो आला होता.

म्हणून आधी वही घ्या, असं मी सांगते. पण ‘माझ्यासाठी महत्त्वाचं काय’ असा मथळा घालून बसू नका. मग आपण सगळेच आरोग्य, कुटुंब, समाधान असं लिहितो आणि वही मिटतो. त्यापेक्षा मागचे पंधरा दिवस लिहा. वेळ कुठे गेला? कोणासाठी झोपमोड केली? आणि कुठे शरीराने नाही म्हटलं नि ते मनाला लागलं? या तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त थांबा. जिथे लागलं, तिथेच तुमचं ध्येय असतं.

माझ्या वहीत तिथे दोनच गोष्टी निघाल्या.

पहिली सासूबाईंची. त्या ८३ वर्षांच्या आहेत. न्हाणीघरातल्या स्टुलावरून त्यांना उठवताना माझ्या कमरेत चमक भरली आणि हात सुटला. त्या पडल्या नाहीत, भिंतीला टेकल्या. “असू दे गं, होतं असं,” म्हणाल्या. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

दुसरी किल्ल्याची. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे, एकाच खडकात कोरलेलं. तिथल्या शिलालेखावर संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६ साल आहे. देवाला दिलेली बाग २७० हात लांब, १८७ हात रुंद आणि रोज ५० माळा, असा त्यात हिशेब आहे. त्या २७० आणि ५० मधलं शून्य हे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव शून्यांपैकी एक. दरवर्षी डिसेंबरात मी मुलांना ते दाखवायला नेते. गाड्या उरवाई दरवाज्याने वर जातात. हे मंदिर ग्वाल्हेर दरवाज्याकडून चढणाऱ्या पायवाटेवर आहे, तिथे चालावंच लागतं. वही लिहिली त्या डिसेंबरात मी मंदिराच्या खालच्याच वळणावर बसले. मुलं पुढे जाऊन मोबाइलवर फोटो काढून घेऊन आली. मला दाखवायला.

आता ही नोंद व्यायामात उतरवायची. त्यासाठी एकच विचारा: त्या क्षणी शरीराला नेमकं काय करता यायला हवं होतं?

सासूबाईंसाठी मला मांड्या आणि पाठ बळकट हवी होती, शिवाय उठवण्याची रीतही. फिजिओथेरपिस्टने दाखवलं की काखेत हात घालून ओढायचं नाही. आपण अगदी जवळ उभं राहायचं, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. त्यांनी स्टुलाच्या काठाशी सरकायचं, पाय मागे घ्यायचे आणि नाक अंगठ्यांच्या वर येईल इतकं पुढे झुकायचं. तसं झुकलं की बरंच वजन आपोआप पायांवर येतं. माझा सराव म्हणजे खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, आठदा, तीन खेपा, आठवड्यातून तीन दिवस. सवय झाल्यावर छातीशी पाच किलो कणकेची पिशवी धरून. सासूबाईही टेबल धरून पाचदा करतात आणि मोठ्याने मोजतात.

किल्ल्यासाठी घरचा जिना. सतरा पायऱ्या, शिकवणी सुटल्यावर, आधी चार फेऱ्या, मग दर आठवड्याला एक वाढवत. गती किती असावी हे घड्याळाशिवाय कळतं: चढताना बोलता यावं पण गाता येऊ नये. मी अभंगाची एक ओळ म्हणून बघते. ती सुरात पुरी झाली तर चाल वाढवते. उतरताना घाई नको, उतरणीनेच मांड्या जास्त दुखतात आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिना, बाड्यापर्यंत (ग्वाल्हेरच्या मुख्य बाजारचौकापर्यंत) पायी बाजारहाट आणि खुर्ची मिळून माझं तेवढं होतं. छातीत दुखत असेल, गुडघा सुजत असेल, रक्तदाब असेल तर मात्र आधी डॉक्टर.

मोजमापही बदला. मी वजनकाटा कपाटावर ठेवला. आता वहीत दोनच आकडे लिहिते: तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठले, आणि मंदिरापर्यंत किती वेळा थांबले. सुरुवातीला ९ आणि ५ होते. दिवाळीनंतर १४ आणि १ झाले. वजन किती उतरलं हे मला खरंच महत्त्वाचं वाटत नाही.

तुमच्या वहीत याहून अगदी वेगळं निघेल. कोणाला गरब्यात रात्रभर नाचायचं असेल, कोणाला जुना शालू पुन्हा नेसायचा असेल. शालूही चालेल. फक्त ती इच्छा तुमची स्वतःची हवी, दुसऱ्याने टाकलेल्या शेऱ्यातून आलेली नको. आणि दर दोन महिन्यांनी वही उघडून बघा, कारण माणसं बदलतात, घर बदलतं. सासूबाई आता बऱ्याचदा एकट्या उठतात, म्हणून माझ्या खुर्चीच्या खेपा कमी करून मी चालणं वाढवलं आहे.

या डिसेंबरात चौदा मुलं होती. ग्वाल्हेर दरवाज्यापासून मी त्यांच्या मधोमध चालले, एकदाच थांबले, तेही पाणी प्यायला. गाभाऱ्यातल्या भिंतीवर बॅटरीचा उजेड तिरपा धरला की अक्षरं उठून दिसतात. शून्य नेमकं कोणत्या ओळीत आहे यावरून मुलांची हुज्जत चालली होती, तेवढ्यात एका मुलीने बोट नेलं. शेजारच्या आकड्यांपेक्षा लहान, गोल. तिने ते बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “बाई, मग ती बाग कुठे होती?”