ब्रिटनमध्ये नवीन आहात? मग परसातल्या कोल्ह्याबद्दल थोडं

जानेवारीत रात्री दोन वाजता घरामागून कुणी बाई किंचाळल्यासारखा आवाज आला, तर बहुधा ती कोल्हीण असते. हा त्यांचा माजाचा काळ. आपल्याकडच्या कोल्हेकुईशी हा आवाज ताडून पाहू नका. महाराष्ट्रात ज्याला आपण कोल्हा म्हणतो तो वेगळा प्राणी. इथला तांबडा, झुपकेदार शेपटीचा प्राणी खरं तर आपल्या खोकडाचा भाऊबंद. वजन साधारण 5 ते 7 किलो, म्हणजे धष्टपुष्ट बोक्याहून फार जास्त नाही.

पहिली धास्ती रेबीजची असते. ती सोडून द्या. ब्रिटनमध्ये वटवाघळं वगळता जंगली प्राण्यांत रेबीज नाही. तरी चावा हा चावाच: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने काही मिनिटं नीट धुवा, मग 111 ला (सरकारी आरोग्यसेवेचा सल्ल्याचा नंबर) फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन किंवा अँटिबायोटिक लागू शकतं. (सुट्टीत गावी गेलात की मात्र हा हिशेब विसरा. तिथे कुत्रं चावलं तर त्याच दिवशी लस.)

कोल्हा माणसावर सहसा चालून येत नाही. पण 2010 मध्ये पूर्व लंडनमध्ये घरात शिरलेल्या कोल्ह्याने पाळण्यातल्या जुळ्या बाळांना चावे घेतले होते. तेव्हा सांभाळायचं ते एवढंच: घरात, वरच्या मजल्यावरही, तान्हं बाळ झोपलेलं असताना मागचं दार सताड उघडं टाकू नका, उन्हाळ्यातसुद्धा नाही. आत शिरलाच तर कोंडून मारायला धावू नका, कोंडलेलाच चावतो. बाहेरचं दार पूर्ण उघडा, वाटेतून बाजूला व्हा आणि टाळ्या वाजवा.

खरा धोका ससे, गिनीपिग आणि कोंबड्यांना. दुकानात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो. वेल्ड केलेली 16 गेजची जाळी घ्या, भोकं 1 इंचाहून मोठी नकोत. कडा जमिनीपाशीच संपवू नका. तिथून 30 सेंटिमीटर जाळी बाहेरच्या बाजूला आडवी पसरून मातीखाली दाबा, कारण कोल्हा कडेला लागूनच उकरतो आणि पंजा जाळीवर अडकला की सोडून देतो. वरून छप्पर हवंच, सहा फुटी कुंपण त्याला किरकोळ. दाराला फिरकी नको, कडी-बोल्ट लावा. आणि पिंजरा भक्कम असला तरी ससा रात्री घरात घ्या, नुसत्या भीतीनेही ससा मरतो.

मोठं मांजर आणि कोल्हा एकमेकांना टाळतात. पिल्लं आणि म्हातारी मांजरं रात्री आत ठेवा. कुत्र्याच्या बाबतीत चावण्यापेक्षा रोगाची काळजी करा. केस झडलेला, सतत खाजवणारा कोल्हा दिसला तर त्याला खरूज असते, ती कुत्र्याला लागते. दुसरा लंगवर्म, म्हणजे फुप्फुसाचा जंत: कोल्ह्याच्या विष्ठेतून तो गोगलगायींत जातो आणि त्या खाल्ल्या की कुत्र्यात. जंताची प्रत्येक गोळी त्यावर चालत नाही, व्हेटला नाव घेऊन विचारा. कुत्रं कोल्ह्याच्या विष्ठेत लोळून आलं तर आंघोळीआधी टोमॅटो केचप चोळून बघा, वास बराच जातो, असं इथली जुनी मंडळी सांगतात.

आता आपल्या सवयी. चपला दाराबाहेर काढू नका, तरुण कोल्हे एक एक जोडा पळवतात. पितृपक्षात कावळ्यासाठी ठेवलेला घास संध्याकाळपूर्वी उचला. उरलेल्या अन्नाचा डबा हँडल लॉक करूनच बाहेर ठेवा. कुंड्या रोज उकरलेल्या दिसल्या तर खताची पिशवी बघा: हाडाचा किंवा रक्ताचा चुरा असेल तर त्याला वाटतं खाली काहीतरी पुरलंय.

शेडखाली बीळ केलंय? काउन्सिल (इथली नगरपालिका) कोल्हे उचलून न्यायला बांधील नाही, आणि विष घालणं हा गुन्हा आहे. मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं होतात, तेव्हा उन्हाळा सरेपर्यंत थांबा. मग तोंडाशी वर्तमानपत्राचा सैल बोळा खोचा. सलग तीन दिवस तो हलला नाही, तर बीळ रिकामं. त्यानंतरच जाळीने बंद करा.